मुक्ताईच्या वाटेवर

महाशिवरात्र आली की आमच्या फैजपूर-सावद्याकडची माणसं चांगदेव-मुक्ताईनगरची वाट धरतात. आज मीही दिंडीबरोबर पायी निघालो. दोन्हीकडे केळीच्या बागा. घडाच्या भारानं झुकलेली झाडं पट्टीनं बांधलेली, बुंध्याशी ठिबकची नळी. वाटेत एका आजीनं कळण्याची भाकरी आणि ठेचा हातावर ठेवला. कोणत्या गावचे, एवढंच विचारलं.

तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं जुनं दगडी मंदिर आहे. एवढ्या थोर योग्यानं कोवळ्या मुक्ताईला गुरू मानलं, हे दिंडीत चालताना पटतं. इथं नात पुढं आणि टाळ वाजवणारे आजोबा मागं असतात.

आषाढीसाठी मुक्ताईची पालखी पंढरपूरला निघते, महिनाभराहून जास्त चालते. तेवढं जमत नसेल, तर निदान एवढी वाट तरी पायी चाला.