मुसाफिराचा हक्क आणि खोलीचे भाडे

दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादला जायचे, हे आमच्या घरात दोन महिने आधीच ठरले होते. मुलांना चारमिनार आणि गोवळकोंडा पाहायचा होता. अम्मींना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मक्का मशीद पाहायची होती. सास्तूर आज धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात आहे, पण १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. हैदराबाद ही आमच्या वाडवडिलांची राजधानी. अम्मींचे अब्बा कामासाठी तिकडे जात आणि सराईत उतरत, हे त्यांनी लहानपणी कितीदा तरी ऐकलेले.

मोबाईलवर खोल्या पाहिल्या तेव्हा मात्र सगळा उत्साह मावळला. शनिवार-रविवारसाठी साध्याशा खोलीचे भाडे एका रात्रीला २,४०० रुपये. आम्ही पाच माणसे, म्हणजे दोन खोल्या. दोन रात्रींचे ९,६०० रुपये! मुलांचे अब्बा म्हणाले, ‘‘राहू द्या, पुढच्या वर्षी बघू.’’ अम्मी काहीच बोलल्या नाहीत. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द कसा लागतो, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसले. मी वही-पेन घेऊन बसले.

आधी भाव का चढतो ते समजून घेतले. पूर्वी लॉजच्या काउंटरमागे दराची पाटी असायची आणि ती वर्ष-वर्ष बदलत नसे. आता दर संगणकावर ठरतो आणि दिवसातून अनेकदा बदलतो. सुट्टी, लग्नसराई, क्रिकेटचा सामना, मोठा जलसा, काहीही असले की गर्दी वाढते आणि भाव चढतो. पण याला दुसरी बाजूही आहे. आठवडी बाजारात दिवस मावळताना भाजीवाला जुड्या स्वस्तात देऊन टाकतो, कारण उरलेली भाजी उद्या विकली जाणार नाही. खोलीचेही तसेच आहे. मंगळवारी रात्री रिकामी राहिलेली खोली बुधवारी पुन्हा विकता येत नाही.

म्हणून आम्ही शनिवार सोडला आणि सोमवारी निघालो. दुसरा बदल जागेचा केला. उमरग्याहून हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डीमार्गे येणारी बस हैदराबादेत मियापूरकडून शिरते. मियापूरहून मेट्रो थेट नामपल्लीला आणि महात्मा गांधी बस स्थानकाला जाते, तिथून चारमिनारला रिक्षा मिळते. मग मुक्काम चारमिनारजवळच कशासाठी? मियापूरच्या बाजूला लॉज पाहिले आणि मोबाईलवर पैसे भरण्याआधी दोन ठिकाणी सरळ फोन लावला. फोनवर तीन गोष्टी विचारल्या. कर धरून एकूण किती? जास्तीच्या गादीचे वेगळे पैसे आहेत का? बेत रद्द झाला तर पैसे परत मिळतील का? कराचा प्रश्न मुद्दाम विचारावा. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के झाला आहे, आधी तो १२ टक्के होता. शेवटी करासह १,२०० रुपयांत खोली मिळाली. दोन खोल्या, दोन रात्री, ४,८०० रुपये. बरोबर निम्मे.

अम्मींची एक भाची हैदराबादेत राहते. ‘‘हॉटेल कशाला, माझ्याकडेच उतरा,’’ असा तिचा आग्रह होता. पण तिचे घर दोन खोल्यांचे, त्यात सहा माणसे. पाहुणचार तीन दिवसांचा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण आवडीने सांगतो. त्याच शिकवणीत पुढे हेही आहे की, यजमान अडचणीत येईल इतके पाहुण्याने राहू नये. हा भाग आपण सोयीने विसरतो. आम्ही एका संध्याकाळी तिच्याकडे जेवायला गेलो, जाताना शेतातली तूरडाळ आणि घरचे तूप नेले. तिलाही आनंद, आम्हालाही मोकळेपणा.

सफर छान झाली. १५९१ चा चारमिनार मुलांनी पोटभर पाहिला. कुतुबशाहीत सुरू होऊन औरंगजेबाच्या काळात पूर्ण झालेल्या मक्का मशिदीच्या आवारात अम्मी कितीतरी वेळ बसून राहिल्या. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असते, त्यामुळे सोमवार ते बुधवार हा बेत तिथेही कामी आला.

गोवळकोंड्याकडे जाताना शेखपेठची जुनी सराई लागते. कुतुबशाहीच्या काळातली दुमजली दगडी इमारत, मुसाफिरांसाठी ओळीने खोल्या, घोडे-उंट बांधायला जागा, शेजारी मशीद. अम्मी बाहेरूनच पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘अब्बा सांगायचे ती सराई अशीच असेल का गं?’’ त्यांच्या अब्बांची सराई बहुधा वेगळी असावी, कारण निजामाच्या काळात नामपल्ली स्टेशनजवळही मुसाफिरांसाठी सराई बांधली होती. पण त्यांच्या प्रश्नाने मी विचारात पडले. त्या काळच्या राजांना मुसाफिराच्या छताची काळजी का वाटली असेल?

याचे उत्तर आपल्या दीनमध्येच आहे. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यांत वाटेत अडलेला मुसाफिरही आहे. घरी श्रीमंत असला तरी सफरीत हात रिकामा झाला तर त्याचा हक्क लागू होतो. म्हणूनच सराया झाल्या, मुसाफिरखाने झाले, त्यांच्यासाठी जमिनी वक्फ झाल्या. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण फोटो काढायला पाहतो, पण ती बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे आणि तिथे दळलेले पीठ फकिरांच्या आणि वाटसरूंच्या भाकरीसाठी होते. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना आहे. तो हज यात्रेकरूंच्या मुक्कामासाठी उभा राहिला.

खुद्द मक्केत हा प्रश्न फार जुना आहे. आज रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत हरमजवळच्या हॉटेलांचे दर कुठल्या कुठे जातात. पण हजरत उमर (र.) यांनी मक्केच्या लोकांना हजच्या दिवसांत घरांना दरवाजे लावू नका, येणाऱ्याला हवे तिथे उतरू द्या, असे सांगितल्याच्या रिवायती आहेत. हजच्या मोसमात मक्केतल्या घरांचे भाडे घेणे इमाम अबू हनीफा (रह.) यांना नापसंत होते, तर इमाम शाफई (रह.) यांनी भाडे घेण्याची मुभा मानली. मतभेद होता, पण प्रश्न गंभीरपणे विचारला गेला, हे महत्त्वाचे.

आपल्या धाराशिवकरांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट पुढे आहे. हैदराबादच्या निजामांनी मक्केत इमारती घेऊन आपल्या राज्यातल्या हाजींसाठी वक्फ केल्या. हीच निजामाची रुबात. हरमच्या विस्तारात त्यातल्या बऱ्याच इमारती गेल्या, तरी जुन्या हैदराबाद संस्थानातल्या, म्हणजे तेलंगणा, मराठवाडा आणि कर्नाटकातल्या त्या जिल्ह्यांतल्या यात्रेकरूंना तिथे मोफत राहण्याची सोय मिळत आली आहे. अर्ज जास्त येतात म्हणून चिठ्ठ्या टाकून नावे काढतात. म्हणजे सास्तूरच्या हाजीचाही तिथे हक्क लागतो. हजला निवड झालेल्यांनी त्या वर्षीची चौकशी वेळेवर जरूर करावी.

हे सगळे मनात घेऊन परतलो आणि गावात शिरताच बातमी कळली. आमच्या गल्लीतल्या एका बहिणीच्या नवऱ्याला मोठ्या शहरात दवाखान्यात हलवले होते. ती नऊ रात्री दवाखान्याच्या व्हरांड्यात चटई टाकून झोपली. जवळचे लॉज होते, पण रात्रीचे हजार-बाराशे कुठून आणायचे? मला माझ्या वहीतल्या हिशेबाची लाज वाटली. मी शनिवार टाळून सोमवार निवडला म्हणून अर्धे पैसे वाचवले. तिला कुठला वार निवडता आला असता? आजार वार पाहून येत नाही. परीक्षेला गेलेल्या मुलालाही तारीख बदलून मिळत नाही. महागाईतून वाट काढायच्या माझ्या सगळ्या युक्त्या हौसेच्या मुसाफिराच्या होत्या. अडलेल्या मुसाफिराला युक्ती पुरत नाही, त्याला कुणीतरी छत द्यावे लागते.

हे आम्हा सास्तूरकरांना कुणी शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी, दगडमातीच्या जाड भिंती आणि वरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. किल्लारीबरोबर आमचे सास्तूरही उद्ध्वस्त झाले. जे वाचले त्यांच्या डोक्यावर छत नव्हते आणि वरून पाऊस होता. आधी ताडपत्री, मग पत्र्याची शेड, मग नवे गाव. कुठून कुठून माणसे आली, त्यांनी जात विचारली नाही, धर्म विचारला नाही. अम्मी सांगतात, ‘‘आम्हाला छत देणाऱ्यांनी त्या दिवशीचा भाव लावला नव्हता.’’

मग आता आपण काय करू शकतो? प्रत्येक गावाला सराई बांधणे जमणार नाही. पण गावातली दहा-वीस घरे मिळून लातूर, सोलापूर, हैदराबादसारख्या दवाखान्याच्या शहरात एक खोली वर्षभर भाड्याने ठेवू शकतात. शहरात राहणाऱ्या आपल्या माणसांनी एक रिकामी खोली महिन्यातले काही दिवस रुग्णाच्या नातेवाइकांसाठी ठेवली, तरी ते सराईचेच काम आहे. आणि तिथे उतरणारा आपला की परका, हे विचारायचे नाही.

अम्मींनी सफरीत वाचलेले ४,८०० रुपये माझ्याकडून मागून घेतले. त्या बहिणीच्या घरी जाऊन तिच्या हातात ठेवले आणि एवढेच म्हणाल्या, ‘‘पुन्हा जायचे झाले तर व्हरांड्यात झोपू नकोस, बेटी.’’ पुढच्या महिन्यात तिला पुन्हा तपासणीला जायचे आहे. त्याआधी खोलीचे काही ठरावे म्हणून शुक्रवारी आमच्या गल्लीतल्या बायका एकत्र बसणार आहोत.