किती गिळलंस, ताई?

ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, "रात्री जागून काय वाचतेस हल्ली?" मी म्हटलं, "कृष्णविवरांचं." तू जरा वेळ गप्प होतीस, मग म्हणालीस, "त्यानं काय होतं?" आणि लगेच टोमॅटोच्या भावावर आलीस. माझं उत्तर राहूनच गेलं. तोंडी जमलंही नसतं, म्हणून लिहितेय.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या आठवतात? मी सहावीत असेन. तबकड्या तेव्हा उभ्या राहत होत्या. मावशीकडे जाताना तू मला मध्येच एसटीतून उतरवलंस आणि बांधावरून दाखवलंस. एकेक तबकडी ४५ मीटर रुंद, आणि अशा ३०. तू बघत राहिलीस आणि म्हणालीस, "अगं, ही तर नुसती जाळी. यातनं सगळं गळून जाईल की!" मी फिदीफिदी हसले. कॉलेजात गेल्यावर कळलं, प्रश्न अगदी मुद्द्याचा होता. गळतंच की. ऊन गळतं, वारा गळतो. एवढ्या मोठ्या तबकडीनं वाऱ्याचा मार अंगावर घेऊ नये म्हणून तर जाळी. पण आभाळातून येणाऱ्या रेडिओलहरी त्या भोकांपेक्षा कितीतरी लांब असतात. त्यांच्या लेखी तो सलग पत्राच. हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझं हसणं तेवढं तुझ्याजवळ राहिलं असेल.

असल्याच लहरींचा माग काढताना क्वेसार सापडले. १९६२ साली ऑस्ट्रेलियातल्या पार्क्सच्या दुर्बिणीनं एका उगमाची जागा नेमकी हेरली, तीही कशी, तर चंद्र त्याच्यावरून सरकताना लहरी केव्हा बंद पडतात आणि केव्हा परत येतात ते टिपून. तिथे पाहावं तर एक साधा, फिकट तारा. पुढच्या वर्षी मार्टेन श्मिट यांनी पालोमारच्या दुर्बिणीतून त्याचा वर्णपट घेतला. रेषा कशाशीच जुळेनात. मग ध्यानात आलं, आहे हायड्रोजनच, पण त्याच्या रेषा १६ टक्क्यांनी लाल बाजूला सरकल्यात. म्हणजे हा 'तारा' दोनशे कोटी प्रकाशवर्षांहूनही लांब! इतक्या लांबून दिसायचं तर अख्ख्या आकाशगंगेला फिकं पाडेल एवढा उजेड हवा.

क्वेसारच्या पोटात कृष्णविवर असतं, पण हा उजेड त्याचा नसतो, ताई. ते काळंच. त्याच्याकडे ओढला जाणारा वायू भोवती गरगरत राहतो, एकमेकांवर घासतो, तापतो, पांढरा होतो. गिळलं जाण्याआधीची तडफड तेवढी आपल्याला दिसते. गिळून झालेलं कुणालाच दिसत नाही. आवंढ्याचं तरी वेगळं काय असतं?

२०२१ मध्ये एका क्वेसारची बातमी आली होती. त्याच्या पोटातलं कृष्णविवर १६० कोटी सूर्यांच्या वजनाचं. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावर आहे ते जेमतेम ४३ लाख सूर्यांचं, म्हणजे बघ. नवल वजनाचं नाही, वयाचं आहे. तो प्रकाश निघाला तेव्हा विश्व ६७ कोटी वर्षांचं होतं. आज ते १३८० कोटींचं आहे. तुझी ५२ वर्षं म्हणजे विश्वाचं आजचं वय धरलं, तर तेव्हा ते अडीच वर्षांचं पोर. अडीच वर्षांच्या पोराच्या घरात एवढा मोठा माणूस आला कुठून?

तुला दुपटीचा हिशेब चांगला येतो, व्याजाचा केलायस इतक्यांदा. एक मोठा तारा मरून शंभरेक सूर्यांचं कृष्णविवर झालं, असं धर. त्यानं कितीही भराभर खायचं म्हटलं तरी एक मर्यादा असते. फार हावरेपणा केला तर त्या घासाचाच प्रखर उजेड पुढचा घास मागे ढकलतो. एडिंग्टनची मर्यादा म्हणतात तिला. त्या मर्यादेत वजन दुप्पट व्हायला साधारण तीन-साडेतीन कोटी वर्षं लागतात. शंभरावरून १६० कोटींवर जायला दुपटी लागतात २४. सत्तर कोटी वर्षांच्या वरच गेलं ना? आणि हातात होती ६७, तीही पहिला तारा जन्मायचा काळ न वजा करता.

म्हणून काही जण म्हणतात, ते जन्मतःच मोठं असणार. वायूचा प्रचंड ढग, त्याचे तारे झालेच नाहीत. मधलं सगळं वगळून ढग थेट कोसळला आणि लाखभर सूर्यांचं कृष्णविवर झालं. मूळच्या कोइम्बतूरच्या, येल विद्यापीठातल्या प्रियंवदा नटराजन यांनी या कल्पनेवर पुष्कळ काम केलंय. २०२३ मध्ये चंद्रा आणि वेब या दोन अवकाश दुर्बिणींनी मिळून विश्व ४७ कोटी वर्षांचं असतानाचं एक कृष्णविवर दाखवलं, त्याच्या दीर्घिकेतल्या सगळ्या ताऱ्यांच्या तोडीचं. एरवी हे प्रमाण हजारात एखादं. नटराजन यांचा अंदाज असाच होता.

खरं सांगू? वाचताना मी पुस्तक मिटलं. आपल्या घरातही हेच उत्तर चालायचं ना? "मोठी काय, जन्मतःच समजूतदार." आजी म्हणायची, काका म्हणायचे, शेजारच्या काकू तर माझ्या देखत म्हणायच्या. आई गेली तेव्हा तू चौदा वर्षांची होतीस. जन्मतःच समजूतदार म्हटलं की सोपं होतं, पुढे कुणाला हिशेब द्यावा लागत नाही. तुझ्या ताटात काय काय वाढलं गेलं, हे विचारायला नको. मीही विचारलं नाही. मला वेणी घालून मिळत होती, डबा मिळत होता.

आकाशातल्या कृष्णविवरांपुरतं शास्त्रज्ञांचं उत्तर मला पटतं. तुझ्यापुरतं नाही. २०२४ मध्ये आणखी एक सापडलं, त्या मर्यादेच्या चाळीसपट वेगानं गिळणारं. म्हणजे मर्यादा मोडून गिळणारीही असतात. मला तू त्यांतली वाटतेस. आणि रागही येतो तुझा. एकदाही का ओरडली नाहीस? दहावीच्या फॉर्मचे पैसे माझ्या चष्म्याला गेले, हे मला इतक्या वर्षांनी मावशीकडून का कळावं?

मागच्या खेपेला पत्र्याच्या पेटीत तुझी आठवीची भूगोलाची वही सापडली. सूर्यमाला काढलीयस, कंपासनं, रेषा अजून ठसठशीत. त्या १६० कोटी सूर्यांच्या कृष्णविवराची सीमा त्या चित्रावर आखली तर नेपच्यूनच्या कक्षेच्याही जरा बाहेर जाते. तुझा रंग मात्र शनीपाशी थांबलाय. पुढचे, तेव्हाचे तिन्ही ग्रह कोरे.

रविवारी येतेय. वही आणते, रंगीत पेन्सिलींचा डबाही घेतलाय. तू म्हणशील, तोडणी आहे, क्रेट भरायचेत. क्रेट मी भरते. तू ओट्यावर बस आणि युरेनसला कुठला रंग द्यायचा ते बघ.

तुझी,
चिमी