गौरीचा सड

आमच्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं आटोपतात. त्या दिवशीही आटोपली होती. मी मागच्या अंगणात भांडी घासत होते, तेवढ्यात गुराखी दारात येऊन म्हणाला, "बाई, गौरीच्या सडाले तार लागली जी."

लोधीखेड्याच्या शिवारात संत्र्याच्या बगीच्यांना काटेरी तारेचं कुंपण असतं. चरून परतताना आमची गवळाऊ गाय त्यात अडकली होती. मागच्या उजव्या सडाला बोटाच्या पेराएवढी चीर पडली होती. रक्त फार नव्हतं, पण चिरेतून दुधाचे थेंब गळत होते. ते मी डोळ्यांनी पाहिलं, पण त्याचा अर्थ मला कळला नाही.

डॉक्टरला बोलावू म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, "मुक्या जनावराले सुया टोचाच्या? पाप लागते, बाई. हळद-तूप लाव." अहिंसाव्रताच्या पाच अतिचारांत 'छेद' येतो, हे त्यांना पाठ होतं. मी गप्प बसले. हळद-तूप लावलं. सडाचं तोंड बंद होऊ नये म्हणून शेजारणीच्या सांगण्यावरून कडुनिंबाची काडीही आत घातली. गौरीनं लाथ मारली नाही, नुसती थरथरली.

तिसऱ्या दिवशी तो भाग गरम आणि दगडासारखा टणक झाला. धार काढली तर दुधाऐवजी पिवळं पाणी आणि गाठी आल्या. मग डॉक्टर आले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, नुसती कातडी सोलली असती तर स्वच्छ धुऊन मलमानं भागलं असतं. जखमेतून दूध गळतं, म्हणजे चीर आतल्या पोकळीपर्यंत गेली. ती त्याच दिवशी शिवायला हवी होती. सडाच्या मुळाशी गोलाकार भूल देतात, मग आतलं अस्तर, मधला थर आणि कातडी वेगवेगळी शिवतात. आणि काडी कधीच घालू नका. तिच्यासोबत जंतू आत जातात."

कासदाह औषधानं उतरला. डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस आम्ही ते दूध फेकून दिलं. पण तो सड कायमचा आटला.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. छेद म्हणजे रागानं किंवा लोभानं जिवाचा अवयव तोडणं. भूल देऊन जखम शिवणारी सुई त्यात कशी येईल? उलट पापाच्या भीतीनं आम्ही तिला तीन दिवस दुखत ठेवलं. तिचं दूध रोज घेत होतो, मग तिचं दुखणं वेळेवर पाहणं कोणाचं काम होतं?

सासूबाईंशी मी यावर वाद घातला नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या गाईचा उठताना स्वतःच्याच सडावर खूर पडला. मी गोठ्यात पोचले तेव्हा सासूबाई खाली वाकून बघत होत्या. "दूध गळून राह्यलं जखमेतून," त्या म्हणाल्या, "वासरू दूर बांध. अन् डॉक्टरले आत्ताच फोन लाव."

तो सड वाचला. आता रोज सकाळी पहिल्या चार धारा त्या काळ्या वाटीत काढून, गाठी दिसतात का ते उजेडात नीट बघतात. मगच बादली पुढे घेतात.