चुकलेल्या क्रियापदांची बाजू

माध्यमिक शाळेतली मुलं इंग्रजी क्रियापद चुकवतात ती हयगयीमुळे, आणि नीट घोटून घेतलं की ती चूक सुटते, असं माझं मत होतं. महाराष्ट्रात इंग्रजी शिकवताना ते पक्कं झालं होतं. पुढे यजमानांच्या नोकरीमुळे फिलिपाईन्समध्ये, लागुना प्रांतातल्या लोस बान्योसला राहणं झालं. आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था याच गावात आहे. तिथल्या एका शाळेत नववी-दहावीच्या मुलांचे निबंध तपासायला मी मदत करत असे. त्या वह्या वाचता वाचता माझं मत बदललं. का बदललं, ते सविस्तर सांगावंसं वाटतं.

‘माय मदर वर्क इन दुबई.’ ‘यस्टर्डे वुई गो टू द मार्केट.’ ‘आय डिड नॉट वेन्ट.’ अशी वाक्यं जवळजवळ प्रत्येक वहीत असत. वादळावरचा निबंध भूतकाळात सुरू होई आणि छप्पर उडण्याच्या प्रसंगाशी आला की वर्तमानकाळात शिरे. हीच मुलं माझ्याशी इंग्रजीत न अडखळता बोलत, म्हणून तर मला त्यांची लेखी क्रियापदं अधिक खटकत. लहानपणापासून कानावर इंग्रजी असताना एवढा साधा ‘एस’ का लागू नये?

याचं उत्तर मला तिथली भाषा, टागालोग, शिकताना मिळालं. सुरुवात बाजारहाटापुरती होती, पण क्रियापदांशी आले आणि थबकले. टागालोग क्रियापद कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे बदलत नाही. मी, तू, तो, ती, सगळ्यांना रूप एकच. अनेकवचनाचं वेगळं रूप असतं, पण ते वापरलंच पाहिजे असं नाही. आपल्या मराठीत तो जातो, ती जाते, ते जातात. क्रियापद उच्चारण्याआधी कर्त्याकडे वळून बघण्याची सवय आपल्याला बोलायला लागल्यापासून असते. ‘शी वर्क्स’मधला ‘एस’ मला साधा वाटत होता तो या सवयीमुळे. लागुनातल्या मुलाला ही सवय लावून घेण्याचं कारणच कधी पडलेलं नसतं.

काळाचंही तसंच. टागालोग क्रियापद मुख्यतः क्रिया पुरी झाली, चालू आहे, की अजून व्हायची आहे, हे सांगतं. ‘सुलात’ म्हणजे लिहिणं. ‘सुमुलात’ म्हणजे लिहून झालं, ‘सुमुसुलात’ म्हणजे लिहिणं चालू, ‘सुसुलात’ म्हणजे लिहायचं आहे. यातलं मधलं रूप काल चालू असलेल्या लिहिण्यालाही चालतं आणि आज चालू असलेल्यालाही; कधीचं ते ‘काल’, ‘आत्ता’ असे शब्द सांगतात. आता वादळाचा निबंध पुन्हा वाचा. वारा वाहत होता, पत्रे उडत होते, आई हाका मारत होती. या क्रिया त्या प्रसंगात चालू होत्या, म्हणून तो निबंध लिहिणाऱ्या मुलीने चालू क्रियेचं रूप निवडलं. ‘यस्टर्डे’ लिहून काळ तिने आधीच सांगितला होता. तिचा निबंध एका वेगळ्या व्याकरणाने बांधलेला होता आणि त्या व्याकरणात तो सुसंगत होता.

शिवाय ही भाषा क्रियापदाच्या बाबतीत गरीब मुळीच नाही. वाक्याचा भर करणाऱ्यावर आहे, केलेल्या वस्तूवर आहे, जागेवर आहे की ज्याच्यासाठी केलं त्याच्यावर, हेही टागालोग क्रियापद प्रत्ययांनी दाखवतं. मुलं इंग्रजी शब्दही याच साच्यात घालतात. मेसेज पाठवला तर ‘नाग-टेक्स्ट’, पाठवणं चालू असेल तर ‘नागटे-टेक्स्ट’, पाठवायचा असेल तर ‘मागटे-टेक्स्ट’. पहिलं अक्षर कुठे दुहेरी करायचं, यात कुणी चुकताना मी ऐकलं नाही. ज्या मुलांना क्रियापदाची इतकी जाण आहे, त्यांना निष्काळजी कसं म्हणायचं?

सगळ्या चुका टागालोगमधून येतात असंही नाही. ‘डिड नॉट वेन्ट’ म्हणजे भूतकाळ दोनदा दाखवणं, आणि जगभरचे इंग्रजी शिकणारे ते करतात. रॉजर ब्राउन यांनी 1973 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इंग्रजी हीच मातृभाषा असलेल्या अमेरिकन बालकांनाही तृतीयपुरुषी ‘एस’ उशिराच साधतो असं दिसलं होतं. म्हणजे घोटून घेण्यासाठी मी जो नियम सर्वात सोपा समजून पहिला निवडत असे, तो पक्का व्हायला सर्वांनाच वेळ लागतो. आणखी काही रूपं मुलं मोठ्यांकडून उचलतात. ‘विल’च्या जागी ‘वूड’ वापरणं फिलिपाईन्सच्या शिकलेल्या समाजात रूढ आहे. ते मुलाच्या वहीत आलं, तर चूक एकट्या त्या मुलाच्या पदरात टाकता येत नाही.

या सगळ्याला मोठा इतिहास आहे. 1901 साली ‘थॉमस’ नावाच्या जहाजातून सुमारे 500 अमेरिकन शिक्षक मनिलाला उतरले आणि इंग्रजी हे शाळांचं माध्यम झालं. 1925 साली मन्रो समितीने पाहणी केली, तेव्हा मुलांचं इंग्रजी वाचन अमेरिकन मुलांच्या बरंच मागे असल्याचं आणि परकी भाषा हा शिक्षणातला मोठा अडसर असल्याचं दिसून आलं. 1974 पासून द्विभाषिक धोरण आलं, तरी विज्ञान आणि गणित इंग्रजीतच राहिलं. 2018 च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत फिलिपाईन्सची पंधरा वर्षांची मुलं वाचनात 79 सहभागी देशांत आणि प्रदेशांत तळाला होती. ती चाचणी त्यांनी इंग्रजीत दिली होती. मुलं मंद आहेत किंवा शिक्षक आळशी आहेत, असं म्हणून हा आकडा उडवून लावणं मला आता अन्यायाचं वाटतं.

एका बाबतीत माझं मत बदललेलं नाही, तेही स्पष्ट सांगते. प्रमाण इंग्रजी शिकवलंच पाहिजे. या देशाच्या परिचारिका, खलाशी आणि कॉल सेंटरमधले तरुण इंग्रजीवर घर चालवतात. नोकरीच्या अर्जातल्या चुकलेल्या क्रियापदामागचं टागालोग व्याकरण कुणी समजून घेणार नाही. जॉन ट्रस्कॉट यांनी 1996 साली लेखनातल्या व्याकरणाच्या दुरुस्त्या निरुपयोगी असल्याचं प्रतिपादन केलं. तिथपर्यंत मी जात नाही. डॅना फेरिस यांनी त्यांना विरोध केला; नेमकी आणि निवडक दुरुस्ती कामी येते, हे त्यांचं म्हणणं मला वर्गात पटलं.

बदलली ती पद्धत. निबंधाचा पहिला खर्डा मी आशयासाठी वाचू लागले. दुसऱ्या खर्ड्यात एकाच प्रकारची चूक धरायची. कधी फक्त ‘एस’, कधी फक्त कथनातला भूतकाळ. ती समजावताना टागालोग वाक्य आणि इंग्रजी वाक्य फळ्यावर शेजारी-शेजारी लिहायची आणि फरक मुलांनाच शोधायला लावायचा. ‘आमची भाषा हे क्रियापदात सांगत नाही, इंग्रजी सांगते,’ हे वाक्य मुलांच्या तोंडून आलं की नियम त्यांच्या मालकीचा होतो. सगळ्या चुका गेल्या, असा दावा मी करणार नाही. पण मुलं जास्त लिहू लागली आणि स्वतःच्या वाक्यातली चूक स्वतः हेरू लागली.

म्हणूनच ऑक्टोबर 2024 मध्ये फिलिपाईन्सने कायदा करून बालवाडी ते तिसरीपर्यंतचं मातृभाषा माध्यमाचं बंधन काढून टाकलं, याचं मला वाईट वाटलं. लागुनात वर्गातली राष्ट्रभाषा फिलिपिनो ही टागालोगवरच उभी आहे, त्यामुळे तिथल्या मुलांचं फारसं बिघडणार नाही. पण सेबुआनो किंवा इलोकानो यांसारखी देशातली दुसरी भाषा बोलणाऱ्या मुलाला स्वतःचं व्याकरण आधी स्वतःच्या भाषेत ओळखता आलं, तर इंग्रजीचं वेगळेपण त्याला लवकर दिसेल.

महाराष्ट्रात इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनाही हे लागू आहे. आपल्या वर्गात गोंडी, कोरकू, भिली, पावरी बोलणारी मुलं बसतात. त्यांच्या वहीवर लाल शाई चालवण्यापूर्वी त्यांच्या भाषेतलं क्रियापद कसं चालतं, एवढं तरी त्यांनाच विचारून घ्या. चूक दुरुस्त करण्याचं काम तिथूनच सुरू होतं.