देय लाभांश

पोलोग्राउंडच्या नावात पोलो असला, तरी आमच्या पिढीने तिथे कारखाने आणि वीज कंपनीचं ऑफिसच पाहिलं. तिथल्याच एका कारखान्यात बाबा हिशेबनीस होते. मी बी.ई. होऊन सॉफ्टवेअरमध्ये गेलो आणि फिरून हिशेबाच्याच प्रोग्रामवर आलो. शेअर आणि लाभांशाच्या नोंदी बसवायच्या होत्या. शिकवायला बाबा घरातच.

त्यांनी उदाहरण घेतलं आत्याचं. लग्नाआधी, नोकरीच्या पैशांतून तिने एका कंपनीचे १०० शेअर घेतले होते. दर्शनी किंमत १० रुपये, वर प्रीमियम ९०. कंपनीच्या रोजकीर्दीत बँक खाते १०,००० नावे. भागभांडवल १,००० जमा, प्रीमियम ९,००० जमा. "हे नऊ हजार म्हणजे नफा नव्हे. यातून लाभांश वाटता येत नाही." आणि ४० टक्के लाभांश म्हणजे दर्शनी किमतीवर, शेअरमागे ४ रुपये. बाजारभाव कितीही असो. (इथे भलेभले फसतात.)

सभेत लाभांश मंजूर झाला, की शिल्लक नफा ४०० नावे, देय लाभांश ४०० जमा. पैसे दिले, की देय लाभांश नावे, बँक जमा. या दोन नोंदींच्या मधेच आत्याचे पैसे अडकले होते.

ती पुण्याला गेली, पुढे आम्ही रामबागेतला वाडा सोडला. कंपनीकडे पत्ता वाड्याचाच, त्यामुळे वॉरंट परत जाऊ लागले. ३० दिवसांत न घेतलेला लाभांश पुढच्या ७ दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकावा लागतो. तिथे ७ वर्षं पडून राहिला, की केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीत जातो. सलग ७ वर्षं लाभांश घेतला नाही, तर शेअरही त्याच वाटेने. आत्याचे दोन्ही गेले.

"दादा, बुडालेच ना?" तिने फोनवर विचारलं.

"बुडतील कसे? जमा तुझ्या नावाने आहेत. कंपनीलासुद्धा ते परत नफ्यात ओढता येत नाहीत."

माझ्या प्रोग्राममध्येही ती उलटी नोंद होऊ शकत नाही, एवढी तजवीज मी केली आहे.

निधीकडून पैसे आणि शेअर परत मागता येतात, त्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज आहे. अडचण वेगळीच निघाली: शेअर माहेरच्या नावावर, आधार आणि पॅन सासरच्या. सध्या आत्या पुण्यात लग्नाचा दाखला शोधते आहे, आणि बाबा इथे तिच्या लग्नाची पत्रिका.