पायाच्या मापाची गाडी

आमच्या वाडीत फियाट आली तेव्हा पहिली तक्रार इंजिनाची नव्हती, टायरची नव्हती, पेट्रोलच्या भावाचीसुद्धा नव्हती. तक्रार होती पायाची. तीन पेडलं एकमेकांना इतकी खेटून, की ब्रेक दाबायला जावं तर चवड्याची कड एक्सलेटरवर पडायची. गाडी थांबायच्या ऐवजी गुरगुरायची, आणि समोरून जाणाऱ्या कोंबड्या, म्हातारे नि सायकलवाले असे काही पांगायचे, की मालवणच्या भरडावरून बाजारात उतरेपर्यंत रस्ता मोकळा.

दोष गाडीचा नव्हता, पायांचा होता, हे आधीच सांगून टाकतो. जांभ्याच्या घाट्या अनवाणी चढून, मळ्यातल्या चिखलात तरवा लावून, माडावर नि फणसावर चढून घडलेले ते पाय. पंजा पसरट, बोटं फाकलेली, अंगठा शेजारच्या बोटाशी कायमचा भांडलेला. आणि गाडीचं मूळ घराणं कुठलं, तर १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात मिरवलेली इटलीची फियाट ११००. तुरीनच्या माणसाने निमुळते चामडी बूट नजरेसमोर ठेवून पेडलं बसवली असणार, हा आमच्या पारावरचा तर्क. रुंदी अंगभर पावणेपाच फुटांच्या किंचित वर. त्यात उजवीकडून पुढच्या चाकाचा फुगवटा आत आलेला. उरलेल्या जागेत मालवणी पाय.

१९६४ ला ती डिलाइट होती, १९७२ ला प्रेसिडेंट झाली, १९७४ पासून पद्मिनी. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याच्या कारखान्यात तिची बारशी किती का केली असेनात, आमच्याकडे ती आली फियाट म्हणून आणि राहिली फियाट म्हणून. नवी कुणी घेत नसे. मुंबईला नोकरीत असलेल्या कुणा काकाने किंवा मामाने तिथे वापरलेली, मग गणपतीला म्हणून गावी आणलेली, आणि 'राहू दे इथेच, डॉक्टरकडे न्यायला बरी' म्हणून ठेवलेली. म्हणजे गाडी यायचीच मुळी दुसऱ्या कुणाच्या पायाला सवकलेली. ब्रेकच्या रबराचा एक कोपरा झिजून लोखंड दिसत असायचं, टाचेखाली मॅटला खळगा पडलेला. त्या खळग्यात आपली टाच बसली नाही की समजायचं, आता मेस्त्रीकडे जायला हवं.

त्याआधी घरगुती उपाय व्हायचे. पहिला उपाय चपला काढणं. आमच्याकडे बहुतेकांनी फियाट अनवाणीच चालवली. लग्नाला जाताना सूट-बूट घालून निघालेला नवरदेवाचा भाऊसुद्धा बूट डिकीत टाकून गाडी हाकायचा आणि मांडवाच्या अलीकडे, आंब्याखाली थांबून पायात घालायचा. पावसात तर स्लिपर घालणं म्हणजे धोकाच. ओलं रबर ओल्या रबरावरून सटकतं, हे आंबोली उतरताना शिकायची गोष्ट नव्हे. दुसरा उपाय पेडलच्या रबराची कड ब्लेडने तासणं. तिसरा उपाय सीटचा. पुढची सीट बाकड्यासारखी सलग, म्हणून ती मागे घेतली की उंच आबांची सोय व्हायची आणि मागे बसलेल्या आजीचे गुडघे तिच्याच हनुवटीला लागायचे. ठेंगण्या धाकट्या काकांसाठी मग उलट सोय: बुडाखाली जेवणाचा पाट, पाठीला काथ्याची उशी.

सीट सलग आणि गियर स्टिअरिंगला, त्यामुळे पुढे तिघं बसायचे. मधला नेहमी एखादा पोरगा. त्याचे पाय नेमके क्लचच्या डाव्या अंगाला यायचे. आमच्या पिढीतल्या ज्याने त्या जागेवर बसून कुडाळ गाठलंय, त्याला गियर बदलायच्या आधीची हाक अजून ऐकू येत असेल: "पाय वर घे, मेल्या!" पाय वर घ्यायचा, गियर पडायचा, पाय खाली. चौक्याच्या चढावर तर पाय वरच धरून ठेवायचे.

घरगुती उपाय संपले की मेस्त्री. मेस्त्री पेडलांकडे बघण्याआधी चालवणाऱ्याच्या पायाकडे बघायचा. शिंप्यागत. मग त्याला सीटवर बसवायचा, डोळे मिटायला लावायचा आणि सांगायचा, ब्रेक दाब. पाय आपणहून कुठे पडतो ते खडूने पेडलच्या मागच्या पत्र्यावर खूण करून ठेवायचा. त्यानंतरचं काम एक्सलेटरपासून सुरू व्हायचं, कारण तिथे जोर लागत नाही. दांडी गॅसवर लाल करून अर्धा इंच उजवीकडे वाकवायची, पसरट पॅड काढून तिथे जुन्या पावड्याच्या पात्यातून कापलेली अरुंद पट्टी बसवायची, रिटर्न स्प्रिंग बदलायची. स्प्रिंग न बदलता कुणी काम केलं तर मेस्त्री त्याला मेस्त्री म्हणत नसे. वाकवलेली दांडी कुठे घासून अडकली आणि एक्सलेटर दाबलेलाच राहिला तर पुढचा माड आपला, हे त्याचं गणित.

मग क्लच. क्लचच्या पॅडला दोन भोकं पाडून खाली लोखंडी पट्टी, वायसर, नट, वर लॉकनट, आणि त्या पट्टीवर नवा पॅड डावीकडे सरकवून बसवलेला. रबर कुठलं? ट्रकच्या जुन्या टायरचं. चपलांना तेच, बैलगाडीच्या ब्रेकला तेच, क्लचला तेच. पॅड सरकवल्यावर क्लचची 'फ्री' पुन्हा बघायची. वरून थोडा मोकळा चालला पाहिजे, नाहीतर प्लेट घसरते आणि चढावर जळका वास येतो.

आणि ब्रेक? ब्रेकचं नाव काढलं की मेस्त्री हात पुसायला घ्यायचा. "एक्सलेटर करून देतंय, क्लच करून देतंय. ब्रेकाच्या दांड्याक वेल्डिंग मी करूचंय नाय." कुणी कितीही गळ घातली तरी नाही. कारण साधं होतं. पेडलचा दांडा म्हणजे तरफ. पॅड कडेला सरकवला तर दांड्याला पीळ बसतो, टेकूकडे घेतला तर तरफ आखूड होते आणि तेवढाच ब्रेक लागायला पायाला जास्त जोर लागतो. चारही चाकांना ड्रमचे ब्रेक असलेल्या गाडीत आधीच पोटरीचा व्यायाम, त्यात आणखी कशाला? शिवाय जोडकाम वरून गुळगुळीत दिसतं आणि आतून कच्चं असू शकतं. ते समजायचं फोंड्याच्या घाटात, आणि तिथे समजून उपयोग नाही. म्हणून ब्रेक जागच्या जागी, आणि त्याच्या आजूबाजूच्या दोघांनी सरकायचं.

आमच्या मामीने गाडी शिकायची ठरवली तेव्हा हे सगळं उलटं करावं लागलं. तिचे पाय अरुंद होते, पण पोचत नव्हते. मग फणसाच्या लाकडाचे ठोकळे आले. सुताराने दोन बाजूंनी खाच पाडून दिली, मेस्त्रीने मागून पट्टी लावून बोल्टने आवळले. क्लचला जाड, एक्सलेटरला पातळ. ब्रेकला ठोकळा नाही, ब्रेकसाठी मामीनेच पुढे सरकून बसायचं, पाठीमागे दोन उशा. साडीच्या निऱ्या ठोकळ्यात अडकू नयेत म्हणून त्यांना मोठी सेफ्टी पिन. मामा कधी गाडी चालवायला बसले की आधी पाना घेऊन ठोकळे काढायचे आणि पुटपुटायचे. मामी फक्त एवढंच म्हणायची, "गाडी माझ्या पायाक बसाक व्हयी, मी गाडयेक नाय." पुढे मामांनी ठोकळे काढायचं सोडून दिलं आणि गुडघे फाकून चालवायला शिकले.

पोरांचा मात्र पेडलांच्या त्या अडचणीच्या जागेवर एक हक्क होता. ब्रेकमधली हवा काढायची असली की मेस्त्री गाडीखाली आणि पोरगा पेडलवर. "दाब! सोड! दाब! सोड! दाब... धर! धरून ठेव!" खालून निपल सैल व्हायची, पेडल हळूच जमिनीला टेकायचं, खालच्या बाटलीत बुडबुडे यायचे. निपल आवळेपर्यंत पाय उचलायचा नाही, नाक खाजलं तरी नाही. उचलला की आत हवा गेलीच, आणि खालून येणाऱ्या शिव्या आईच्या कानावर जातील अशाच आवाजात असायच्या. तुमच्यापैकी कित्येकांनी पहिला ब्रेक असाच दाबला असेल, गाडी उभी असताना.

पावसाळ्याचं वेगळं शास्त्र. जूनपासून गाडी मांगरात गेली की क्लचची प्लेट दमटपणाने फ्लायव्हीलला चिकटून बसते. म्हणून क्लच पूर्ण दाबून, पेडल आणि सीट यांच्यामध्ये बांबूचा दांडका अडकवून ठेवायचा. तो दांडका घराघरात ठरलेला, मापाला कापलेला. त्यावर कपडे वाळत घातले तर ओरडा बसायचा. चतुर्थीच्या आधी दांडका निघाला की समजायचं, गाडी बाहेर येणार. खाऱ्या वाऱ्याने पायाखालचा पत्रा खायचा तो खायचाच. खालून जळकं ऑईल फासायचं, डांबर फासायचं, तरी एखाद्या वर्षी मॅट उचलली की खाली अंगण दिसायचं. काथ्याचं पायपुसणं टाकून ते भोक झाकणारे महाभागही होते. ते पायपुसणं सरकून ब्रेकखाली गेलं की त्यांना देव आठवायचा, मग वाडीतल्या शहाण्या माणसांनी गाडीतून काथ्या हद्दपार केला.

ज्यांच्याकडे जीप होती, ते आमच्या या खटाटोपाला हसायचे. महिंद्राच्या त्या जुन्या जीपची पेडलं थेट जमिनीतून वर आलेली, दोघांमध्ये ऐसपैस जागा, गमबूट घालूनही चालवावी. पण पावसात त्याच भोकांतून पाणी पायांवर यायचं, त्यामुळे आमचंही हसून व्हायचं. अॅम्बॅसेडरवाल्यांना तीन पेडलांशिवाय पायाखाली आणखी एक बटण: डिपर पायाने मारायचा. त्या बटणाच्या नादात क्लच हुकल्याचे किस्से एसटी स्टँडवर टॅक्सीवाले रंगवून सांगत.

घरात चालवणारे दोघं-तिघं असले की पेडलं कुणाच्या पायाची, यावरून राजकारण व्हायचं. नियम एकच: जो डॉक्टरकडे नेतो त्याच्या पायाची. बाकीच्यांनी जुळवून घ्यायचं. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा कुणाला माडाची बाग गेली, कुणाला मुंबईची खोली, आणि फियाट नेमकी त्याला गेली ज्याचा पाय तिथे कधी बसला नव्हता. त्याने ती विकली. विकताना मेस्त्रीची पट्टी, पावड्याचं पातं, फणसाचा ठोकळा, सगळं गाडीबरोबरच गेलं.

एकविसावं शतक लागता लागता पद्मिनी बनायची थांबली. मुंबईत २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवला नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी वीस वर्षांची मुदत भरून ३० ऑक्टोबर २०२३ ला टॅक्सी म्हणून निवृत्त झाली. त्या बातमीनंतर गावोगावच्या मांगरात पडलेल्या फियाटींना अचानक किंमत आली. आता तरुण पोरं त्या उचलून नेतात, रंग काढतात, क्रोम चढवतात आणि 'एकदम ओरिजिनल' करायला घेतात. त्यात सगळ्यात आधी भंगारात जातात ती ही पेडलं.

त्या पोरांना एक विनंती आहे. एमएच-०७ ची, म्हणजे सिंधुदुर्गातली, जुनी फियाट हाती आली आणि क्लचवर टायरचं रबर, पावड्याचं पातं किंवा लाकडाचा ठोकळा दिसला, तर तो काढून फेकू नका. बोल्ट आवळा, लॉकनट बदला, रिटर्न स्प्रिंग नवी घाला आणि जमलं तर जुन्या मालकाच्या घरी विचारून या, हा कुणाच्या पायाचा. फक्त ब्रेकच्या दांड्यावर कुठे वेल्डिंगचा डाग दिसला, तर ते आमच्या मेस्त्रीचं काम नाही. तो दांडा मात्र त्याच दिवशी बदला.