विचारा की राव!

कॅप राउंडची यादी लागली की आम्हा सीनिअर्सचे फोन वाजायला लागतात. कुणाच्या तरी मावशीच्या शेजाऱ्यांच्या मुलीला आपलं कॉलेज मिळालेलं असतं आणि तिच्या बाबांना आमचा नंबर! प्रश्नही ठरलेले. बादली कुठे घ्यायची? मेसचं जेवण कसं असतं? लॅपटॉप कोणता घेऊ? ब्रँच बदलता येते का? प्लेसमेंट कसं आहे? (पोरगी अजून गाडीत बसलेली नाही, पण प्लेसमेंट!)

एकदाची उत्तरं देऊन टाकते. बादली, मग, हँगर, दोरी सगळं दादरला मिळतं, गावाहून ओढत आणू नका. कुलूप चांगलं घ्या आणि दुसरी किल्ली रूम पार्टनरकडे ठेवा. मेसची भाजी पहिल्या महिन्यात आवडत नाही, दुसऱ्या महिन्यात सवय होते आणि तिसऱ्या महिन्यात घरी गेल्यावर आईला सांगायला विषय मिळतो. लॅपटॉप पहिल्याच दिवशी लागत नाही. आपल्या ब्रँचला काय लागतं ते महिन्याभरात कळतं, तेव्हा घ्या. प्लेसमेंटचं तीन वर्षांनी बोलू.

पण एक प्रश्न आजपर्यंत मला एकाही ज्युनिअरने विचारलेला नाही. "ताई, मला काही समजलं नाही तर मी कुणाला विचारू?" आणि पहिल्या वर्षी गाडी अडते ती नेमकी याच स्टेशनावर. म्हणून हा लेख.

स्टेशनावरून आठवलं. मुंबईत विचारल्याशिवाय माणूस धड घरीसुद्धा पोचत नाही. दादरचंच बघा. पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे, दोन्ही लायनी इथे भेटतात. पूर्वी दोन्हीकडे एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य रेल्वेने नंबर बदलले. आता पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४. पण तुमचे काका-मामा अजून जुन्याच नंबरांनी वाट सांगणार. एल्फिन्स्टन रोड स्टेशनचं नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झालं, तरी जुनी माणसं एल्फिन्स्टनच म्हणतात. मग काय करायचं? शेजारच्याला विचारायचं! मुंबईकर थांबत नाही हे खरं, पण चालता चालता उत्तर देतो. गणपतीच्या दिवसांत लालबागकडे जाणारी बस पकडण्याआधी तर विचाराच. लालबागचा राजा १९३४ पासून बसतोय, त्याच्या रांगेपुढे तुमच्या सबमिशनची काय कथा!

ही विचारायची रीत इथे आपल्याआधीपासूनची आहे. आपण ज्या लालबाग-परळमधून फिरतो ते एके काळचं गिरणगाव. घाटावरून, कोकणातून आलेला माणूस आधी गाववाल्याची खोली शोधायचा. एका खोलीत एकाच गावची कितीतरी माणसं राहायची आणि गिरणीच्या पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपायची. जेवण खानावळवालीकडे, महिन्याच्या हिशेबाने. गिरणीत चिकटायचं कसं, कुणाला भेटायचं, गावी पैसे कसे पाठवायचे, सगळं एकमेकांना विचारून. त्या खानावळी चालवणाऱ्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. एकेकटीला बँक दारात उभी करत नव्हती, एकत्र गेल्यावर कर्ज मिळालं. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि हळूहळू ते सगळं जगच गेलं. आता तिथे मॉल आणि टॉवर आहेत. पण अनोळखी माणसांनी एका खोलीत राहायचं आणि एकमेकांना धरून मुंबईत टिकायचं, ही पद्धत हॉस्टेलात शिल्लक आहे की!

आता मुद्द्यावर येते. विचारायला अडतं कुठे? बहुतेकांचं इंग्रजीपाशी. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीत पुस्तक इंग्रजी झालं, पण सर समजावून सांगायचे मराठीतच. इथे आल्यावर पहिल्यांदाच सगळं शिकवणं इंग्रजीत आणि शेजारच्या बाकावर आमच्यासारखी फाडफाड बोलणारी कॉन्व्हेंटवाली मंडळी. मग डाउट पोटात राहतो. पोटात राहिलेला डाउट पचत नाही, तो डिसेंबरमध्ये केटी होऊन बाहेर येतो.

मी कॉन्व्हेंटची आहे, म्हणून आतली बातमी फोडते. आम्हाला इंग्रजी येतं म्हणजे मेकॅनिक्स येतं असं अजिबात नाही. न समजलेली गोष्टसुद्धा आम्हाला चांगल्या उच्चारात म्हणता येते, एवढाच काय तो फरक. माझी रूम पार्टनर बीडकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेतली. एका रात्री मी 'इनर्शिया'ची व्याख्या घोकत बसले होते. ती म्हणाली, "अगं, जडत्वच ना ते? जड माणूस उठता उठत नाही आणि पळायला लागला की थांबता थांबत नाही." झालं! चार वर्षं पाठ असलेली व्याख्या त्या दिवशी कळली. मराठी शब्दांची ही गंमत आम्हाला कुणी सांगितलीच नव्हती. घर्षण म्हटलं की घासणं आलंच. लसावि म्हणजे लघुतम साधारण विभाज्य, नाव सांगितलं की अर्थ सांगून झाला. ('कर्ण' म्हटल्यावर मला काटकोन त्रिकोणाऐवजी महाभारत आठवलं, ते सोडा.) तेव्हापासून आमचा सौदा ठरलाय. ती मला अर्थ सांगते, मी तिला व्हायव्हाची वाक्यं बसवून देते. दोघींचंही चांगलं चाललंय.

पण सगळ्यांना असा सौदा जमत नाही. आमच्याच मजल्यावर एक मुलगी होती. बारावीला तालुक्यात पहिली आलेली. अक्षर इतकं सुंदर की अर्धा वर्ग तिची वही झेरॉक्स करायचा. लेक्चर एकही बुडवलं नाही, पण चार महिन्यांत वर्गात कुणी तिचा आवाज ऐकला नाही. घरच्यांना फोनवर म्हणायची, सगळं छान चाललंय. पहिल्या सेमला चार विषय राहिले. तिचे वडील आले, दोघांनी ट्रंक उचलली आणि गेले. झेरॉक्सला आलेली तिची एक वही मी पाहिली होती. समासात पेन्सिलीने बारीक बारीक प्रश्नचिन्हं काढलेली होती, जवळजवळ प्रत्येक पानावर. आता ती गावाकडे बी.एस्सी. करते. बी.एस्सी.त वाईट काहीच नाही, पण ती इथे इंजिनीअर व्हायला आली होती. डोकं कमी होतं म्हणून ती गेली, असं म्हणायची माझी तयारी नाही. ती प्रश्नचिन्हं वहीतून बाहेर आली नाहीत, म्हणून गेली.

तेव्हा ज्युनिअर्सनो, थोडं कामाचं सांगते.

एक. डाउट ज्या भाषेत पडतो त्या भाषेत लिहून काढा. अर्धे डाउट लिहितानाच सुटतात. उरलेले घेऊन लेक्चर संपल्यावर सरांना गाठा आणि सरळ विचारा, "सर, मराठीत विचारू का?" मी तरी अजून "नको" असं उत्तर ऐकलेलं नाही. अमराठी सर असतील तर एखाद्या कॉन्व्हेंटवालीला बरोबर न्या, आमचा तेवढा तरी उपयोग करून घ्या.

दोन. शेवटी पेपर इंग्रजीतच लिहायचाय, हे विसरू नका. वहीच्या मागच्या पानांवर दोन रकाने पाडा. एकीकडे मराठी शब्द, दुसरीकडे इंग्रजी. रोज पाच शब्द लिहिले तरी सेमच्या शेवटी चारशेच्या वर होतात आणि एका विषयाला एवढेही शब्द लागत नाहीत.

तीन. मराठीतून वाचून समजत असेल तर त्यात कमीपणा नाही. २०२१ मध्ये एआयसीटीईने भारतीय भाषांतून इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगमध्ये कॉम्प्युटरची मराठी तुकडी सुरू झाली. एआयसीटीईची मराठी पुस्तकं ई-कुंभ पोर्टलवर फुकट आहेत. आधी तिथे समजून घ्या, मग इंग्रजी पुस्तक उघडा.

चार. वर्कशॉपचे आणि लॅबचे काका हे चालतंबोलतं पुस्तक आहे. मशीन का अडलं ते पुस्तकाआधी त्यांना कळतं. आणि ते उत्तर अस्सल मराठीत देतात, कधी कधी जरा जास्तच अस्सल!

पाच. रूममध्ये कोंडून अभ्यास करू नका. जिथे माणसांना तुम्ही दिसाल तिथे बसा. याला आपल्याच भागातला मोठा दाखला आहे. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना परळच्या चाळीत एका खोलीत सगळं कुटुंब राहायचं. वडील त्यांना रात्री दोनला अभ्यासाला उठवायचे. दिवसा ते गिरगावात चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचे. तिथे विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी त्यांना पाहिलं आणि चौकशी केली. पुढे वाचायला पुस्तकं दिली. १९०७ मध्ये बाबासाहेब मॅट्रिक झाले, कॉलेजात गेले आणि पैसे अपुरे पडायला लागले. तेव्हा केळूसकर गुरुजींनीच सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना २५ रुपयांची स्कॉलरशिप मिळाली. १९१२ मध्ये ते बी.ए. झाले. ती बाग आजही आहे, स. का. पाटील उद्यान म्हणतात. हुशारी बाबासाहेबांची स्वतःचीच होती, पण ती कुणाच्या तरी नजरेला पडावी लागते. वरळीच्या अभ्यास गल्लीत चाळीतली मुलं रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यासाला बसतात, तिथेही शेजारी कुणीतरी असतंच. आपल्याला तर रीडिंग रूम आहे, पंख्यासकट!

सहा. अभ्यासापलीकडचं काही असेल, रडू येत असेल, झोप लागत नसेल, कुणी त्रास देत असेल, तर तेही बोला. वॉर्डन आहेत, आम्ही आहोत. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ हा यूजीसीचा नंबर आहे. मनावर फारच ओझं झालं तर टेलि-मानसचा १४४१६. दोन्ही फुकट आहेत आणि फोन केला म्हणून कुणाचे मार्क जात नाहीत.

आता शिक्षकांना एक नम्र विनंती. (इंटर्नल माझंही आहे, म्हणून 'नम्र'!) सर, मॅडम, आपण धडा संपवून "एनी डाउट्स?" म्हणता आणि दोन सेकंदांत डस्टर उचलता. मागच्या बाकावरचा मुलगा तेवढ्या वेळात वाक्यातलं क्रियापद शोधत असतो. कृपया मनात दहा अंक मोजा. आणि एकदा तरी "मराठीत विचारलं तरी चालेल" असं फळ्यासमोर उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा. त्या एका वाक्याने किती वह्या उघडतील ते बघा.

आणि माझ्या कॉन्व्हेंटच्या भाऊबंदांनो, कुणी 'डेव्हलपमेंट'चा उच्चार चुकवला की मागून जे फिस्सकन हसू येतं ना, ते आवरा. उद्या तोच मुलगा तुम्हाला इंटिग्रेशन शिकवणार आहे आणि तेव्हा तो हसणार नाही.

बाकी काय, या! रूम झाडून ठेवलीये, मेसमधल्या मावशींना तुमच्या बॅचचा आकडा सांगून झालाय. काही अडलं तर पहिल्या मजल्यावर डावीकडून तिसरी खोली. दार लोटलेलं असलं तरी टकटक करा.

बेस्ट लक!